‘जैसे थे’ आदेशाचा हिशेब कोणी द्यायचा?

पुणे महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्त हेच प्रशासक झाले. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की महापालिकेची मुदत पाच वर्षांची असेल आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पार पडलेली असेल. पुण्यात प्रत्यक्ष मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे शहराचे अंदाजपत्रक आयुक्तांनी तयार केले, स्थायी समितीचे अधिकार वापरून त्यांनीच ते तपासले आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार वापरून त्यांनीच ते मंजूर केले. या काळात आयुक्त बदलले, पद्धत तीच राहिली. यात कोणा अधिकाऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही, कारण कायद्यानेच ते काम त्यांच्याकडे आले होते. लोकप्रतिनिधींची खुर्ची एवढा काळ रिकामी राहण्याला अनेक कारणे होती. त्यांतले सर्वांत दीर्घकाळ टिकलेले कारण मात्र सर्वोच्च न्यायालयाचा एक अंतरिम आदेश हे होते.

घटनाक्रम नीट मांडायला हवा, कारण सुरुवातीला न्यायालयच निवडणुकांसाठी आग्रही होते. मार्च २०२१ मध्ये त्याने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लागू केली: त्यासाठी स्वतंत्र आयोग हवा, आरक्षणाचे प्रमाण प्रत्येक संस्थेपुरते ठरलेले हवे आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत हवे. राज्य सरकारची तयारी झाली नाही म्हणून लोकांनी वाट पाहू नये, अशी न्यायालयाची भूमिका होती, आणि ४ मे २०२२ रोजी त्याने राज्य निवडणूक आयोगाला दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करायला सांगितले. जुलैमध्ये याच आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आल्यावर पुन्हा तसेच बजावले. तोवर राज्यात सरकार बदलले होते. नव्या सरकारने आधीच्या सरकारने केलेली प्रभागरचना कायदा करून मोडीत काढली, त्याला आव्हान दिले गेले आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने ‘जैसे थे’ आदेश दिला, म्हणजे निवडणुकांची प्रक्रिया होती तिथेच थांबली. तो दिला तेव्हा त्याचा अवधी पाच आठवड्यांचा होता. पुढे तारखांमागून तारखा पडत गेल्या आणि ६ मे २०२५ उजाडला.

त्या दिवशीचा आदेश मुद्दाम वाचण्यासारखा आहे. आरक्षण बांठिया अहवालाच्या आधी जसे होते तसे धरावे, चार आठवड्यांत अधिसूचना काढावी, चार महिन्यांत निवडणुका पूर्ण कराव्यात आणि त्या प्रलंबित याचिकांच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहतील, असे त्यात म्हटले आहे. याचा अर्थ असा की मूळ वाद न सोडवताही निवडणुका घेता येतात, हे न्यायालयाने मान्य केले. मग हाच मार्ग ऑगस्ट २०२२ मध्ये मोकळा नव्हता का? माझ्या मते होता. याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात महापालिकांच्या निवडणुका मुदतीत होणे हे घटनात्मक बंधन असल्याचे स्पष्ट केले होते. कायदा ठाऊक होता, उपाय हाताशी होता, आणि तरीही पावणेतीन वर्षे गेली. राज्यातील आधीच्या आणि नंतरच्या सरकारांनी प्रभागांचे राजकारण केले, दोघांनाही प्रशासकाच्या हाती असलेली महापालिका सोयीची वाटली, हे सगळे खरे आहे. पण सरकारला मतदार जाब विचारू शकतात. ‘जैसे थे’ आदेश पाच आठवड्यांवरून पावणेतीन वर्षांवर कसा गेला, हे विचारण्याची जागा मात्र कुठेही नाही.

या आदेशाने काय झाले ते शहराच्या कडेला गेल्याशिवाय कळत नाही. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे, वाघोली, सूस, म्हाळुंगे यांसह २३ गावे ३० जून २०२१ रोजी महापालिकेत घेण्यात आली. त्यांच्या ग्रामपंचायती तेव्हाच संपल्या. महापालिकेची निवडणूक झाली नाही, म्हणून या गावांना नगरसेवकही मिळाला नाही. साडेचार वर्षे तेथील माणसाला आपण निवडून दिलेला सरपंच नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. करआकारणीपासून टँकरपर्यंतच्या प्रत्येक तक्रारीसाठी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन वाट पाहणे एवढेच हातात होते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग एक सापडू लागले, तेव्हा नांदेड आणि किरकटवाडी ही गावे त्या साथीच्या मध्यभागी होती आणि पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न ऐरणीवर आला. नगरसेवक असता तर साथ आली नसती, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पण पाण्याबद्दल सभागृहात उभे राहून विचारणारा, उत्तर मिळेपर्यंत सभा अडवून धरणारा माणूस त्या गावांकडे नव्हता, आणि तो नसण्याचे एक कारण दिल्लीतील एका कागदावर होते. त्या कागदावर या गावांचे नाव नव्हते. ती पक्षकार नव्हती, त्यांच्या वतीने कोणी वकील उभा नव्हता, आणि आदेश पुढे चालू ठेवताना त्यांच्यावर काय परिणाम होतो याची नोंद कोठेही झाली नाही.

न्यायालयांच्या उत्तरदायित्वाचा विचार करताना मला ही रेषा सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन भावांमधला वाटणीचा दावा, घरमालक आणि भाडेकरूचा वाद, एखाद्या आरोपीचा खटला यांत न्यायाधीशाने पुरावा पाहून, कायदा लावून निर्णय द्यावा. तो चुकला तर अपील आहे. पण काही आदेश न्यायालयात हजर नसलेल्या लाखो माणसांपर्यंत पोहोचतात: राज्यभराला लागू होणारी स्थगिती, सर्व पोलीस ठाण्यांना बांधून टाकणारे निर्देश, एका फटक्यात शेकडो परवाने रद्द करणारा निकाल. अशा आदेशांत न्यायालय निवाडा करण्याच्या पलीकडे जाऊन प्रत्यक्षात राज्यकारभार करत असते. आणि जो राज्यकारभार करतो त्याने त्याच्या परिणामांचा हिशेब द्यावा, ही अपेक्षा आपण सरपंचापासून पंतप्रधानांपर्यंत सर्वांकडून ठेवतो.

हे आदेश चुकतात तेव्हा काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातून सुरू झालेल्या प्रकरणाने दिले. तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि २० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने त्या एका खटल्यापुरता निर्णय न देता अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील प्रत्येक तक्रारीसाठी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी परवानगी अशा अटी देशभर लागू केल्या. कायद्याचा गैरवापर होतो, हे त्यामागचे गृहीत होते, आणि त्यासाठी गुन्हेगारीच्या आकडेवारीचा आधार घेतला होता. निर्दोष सुटका म्हणजे खोटी तक्रार, असे त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. साक्षीदार फुटतात, तपास ढिला होतो, गावात दबाव येतो, हे गावकुसाशी संबंध असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात अनेक माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले. मागे घेतले हे चांगलेच झाले. पण मधल्या काळात ज्यांची तक्रार नोंदवली गेली नाही, अटक न झाल्यामुळे ज्यांना गाव सोडावे लागले, त्यांची मोजदाद कोणी केली? निर्देश मागे घेणाऱ्या निकालाला ती करावी लागली नाही, कारण तसे बंधनच नाही.

वनहक्कांच्या बाबतीत हीच गोष्ट फक्त पंधरा दिवसांत घडली. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले गेले आहेत अशांना वनजमिनीवरून हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. देशभरातील दहा लाखांहून अधिक दाव्यांचा तो प्रश्न होता. दावे फेटाळताना रीतसर सुनावणी झाली होती का, याची विचारणा आदेशानंतर सुरू झाली, आणि २८ फेब्रुवारीला तोच आदेश स्थगित करावा लागला. जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा तो पंधराव्या दिवशी विचारला गेला, आणि त्या पंधरा दिवसांत नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटच्या पाड्यांवर कोणत्या भीतीने माणसे जगली असतील याची कल्पना पुण्यात बसून करणे कठीण आहे.

याउलट, न्यायालयाला आपल्या आदेशाचे परिणाम पाहून मागे फिरता येते हेही आपण पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने खटल्यांना मिळालेली कोणतीही स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल, असे ठरवले. हेतू चांगला होता. स्थगितीच्या आडोशाला वर्षानुवर्षे दडून बसणारे पक्षकार आपल्या शिवाजीनगरच्या न्यायालयातही प्रत्येक वकिलाला माहीत आहेत. परिणाम मात्र असा झाला की उच्च न्यायालयाला वेळ मिळाला नाही म्हणून ज्यांची सुनावणी झाली नाही, त्यांचीही स्थगिती त्यांचा काही दोष नसताना गेली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो नियम रद्द केला. त्याला सहा वर्षे लागली, आणि तीही योगायोगाने योग्य प्रकरण समोर आले म्हणून. अशा योगायोगावर विसंबून राहणे ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

आज कायद्यात परतून पाहण्याच्या वाटा आहेत, पण त्या परिणामांसाठी बनवलेल्या नाहीत. अनुच्छेद १३७ खाली पुनर्विलोकन याचिका असते. ती निकालानंतर तीस दिवसांत दाखल करायची, बहुधा त्याच न्यायाधीशांसमोर जाते, बहुधा बंद दालनात निकाली निघते, आणि तिच्यात कागदावर दिसणारी चूक दाखवावी लागते. तीन वर्षांनी दिसलेला परिणाम म्हणजे कागदावरची चूक नव्हे. २००२ पासून पुनर्विलोकनही फेटाळले गेल्यावरचा शेवटचा उपाय म्हणून उपचारात्मक याचिका आहे, तिचे दार आणखी अरुंद. आणीबाणीतील बंदिवानांना न्यायालयाचे दार बंद करणारा एप्रिल १९७६ चा निकाल औपचारिकपणे मोडीत निघायला ऑगस्ट २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली; ज्यांची स्थानबद्धता त्या निकालाने कायम राहिली, त्यांतले कितीतरी जण तोवर हयात नव्हते.

इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो मला मनापासून मान्य आहे: परिणामांसाठी न्यायाधीशाला जबाबदार धरले तर न्यायाधीश जमावाकडे पाहून निकाल देऊ लागेल. रामशास्त्र्यांच्या शहरात न्यायाधीशाच्या निर्भयतेचे मोल सांगण्याची गरज नाही. म्हणूनच न्यायदानाचे काम करताना केलेल्या कृतीसाठी न्यायाधीशांवर दावा लावता येऊ नये असे १९८५ चा न्यायाधीश संरक्षण कायदा म्हणतो, आणि अनुच्छेद १२१ व २११ त्यांच्या वर्तनावर संसदेत व विधिमंडळात चर्चा करू देत नाहीत. हे संरक्षण कमी करू नये. जमावाच्या दबावाखाली उत्तरदायित्व कसे भ्रष्ट होते, हे आपण १९ मे २०२४ च्या पहाटेनंतर कल्याणीनगर प्रकरणात पाहिले. दोन तरुण अभियंते भरधाव मोटारीखाली मारले गेले, बाल न्याय मंडळाने काही तासांत अल्पवयीन चालकाला जामीन दिला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्या निबंधाने शहर पेटून उठले, आणि तो संताप अगदी साहजिक होता. पण तीनच दिवसांत मंडळाने त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवले, आणि जूनच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाला ती कोठडीच बेकायदा ठरवून त्याला सोडावे लागले. पुढे चौकशीअंती राज्य शासनाने मंडळाच्या दोन सदस्यांच्या नेमणुका संपुष्टात आणल्या. ज्यांनी आपली मुले गमावली त्यांना या सगळ्या उलटसुलट आदेशांतून काय मिळाले? या प्रकरणातून एक विसंगती ठळकपणे दिसते: सर्वांत खालच्या पायरीवर बसलेल्याची नेमणूक एका आदेशानंतर काही महिन्यांत जाते, आणि सर्वांत वरच्या पायरीवर दिलेल्या आदेशाचे परिणाम नुसते लिहूनही ठेवले जात नाहीत.

मला हवे असलेले उत्तरदायित्व म्हणजे शिक्षा नव्हे. न्यायालयाने ठरलेल्या दिवशी आपल्याच आदेशाकडे परत पाहावे, त्याने बाधित झालेल्यांचे ऐकावे आणि काय आढळले ते कारणांसह लिहावे, एवढीच मागणी आहे. या मागणीची परंपराही पुण्याला परकी नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धगमवार. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले होते, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. पत्राने विचारले ते असे की शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे हे न्यायालयाला दिसू नये का, आणि या निकालानंतर देशातील गरीब स्त्रियांनी कोणत्या भरवशावर न्याय मागावा. ज्यांना हे पत्र लिहिले ते सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड स्वतः पुण्यात जन्मलेले आणि इथल्याच विधी महाविद्यालयात शिकलेले. निकाल बदलला नाही. पण त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे असे ठरले. त्या चौघांनी न्यायाधीशांच्या हेतूवर शंका न घेता निकालाचा समाजावर होणारा परिणाम हा प्रश्न म्हणून मांडला. न्यायालय अवमान कायद्याचे कलम ५ निकालावरील रास्त टीकेला संरक्षण देतेच. उणीव आहे ती अशी टीका ऐकून घेण्याची न्यायालयाची स्वतःची रीत नसण्याची.

ती रीत घालून देणे अवघड नाही. पक्षकार नसलेल्यांवर परिणाम करणारा प्रत्येक अंतरिम आदेश देतानाच त्याच्या फेरतपासणीची तारीख त्यात लिहावी, आणि त्या तारखेला आदेश पुढे चालू ठेवायचा असेल तर का, हे नव्याने लिहिल्याशिवाय तो चालू राहू नये. पाच आठवड्यांचा ‘जैसे थे’ आदेश नुसती तारीख पुढे ढकलली म्हणून पावणेतीन वर्षे जगतो, ते एवढ्याने थांबेल. सहा महिन्यांत आपोआप संपवण्याचा २०१८ चा नियम चुकला, कारण त्यात विचार करण्याचे कष्ट कोणावरच नव्हते. मी सुचवतो त्यात ते कष्ट आदेश देणाऱ्यावरच आहेत. सर्वसाधारण निर्देशांच्या बाबतीत न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा तटस्थ वकील, नेमून एक-दोन वर्षांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून काय घडले याचा अहवाल मागवावा आणि तो लोकांसाठी खुला ठेवावा. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर आज किती खटले प्रलंबित आणि किती निकाली हे कोणालाही पाहता येते. निकाली निघालेल्याचे पुढे काय झाले, याचा एकही रकाना तिथे नाही. न्यायालयांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण चुकलेला सर्वसाधारण आदेश स्वतःच खालच्या न्यायालयांत हजारो नवे अर्ज निर्माण करतो.

हे काम सरकारने करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. नीती आयोगाने काही वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालय आणि हरित न्यायाधिकरणाच्या निवडक निर्णयांचा आर्थिक परिणाम मोजण्याचा अभ्यास एका संस्थेकडून करवून घेतला. त्यात गोव्यातील खाणबंदीचा समावेश होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्टे रद्द केले तेव्हा ट्रकमालकांपासून बार्जवरच्या खलाशांपर्यंत हजारो कुटुंबांची कमाई थांबली, आणि ती मोजणे योग्यच आहे. पण त्याच खाणींच्या धुळीत जगणाऱ्यांची फुप्फुसे, गाळाने भरलेली भातशेती आणि भावी पिढ्यांचे खनिज हे रुपयांच्या हिशेबात बसत नाही. त्यातून सरकार हाच देशातला सर्वांत मोठा पक्षकार. ज्याच्याविरुद्ध निकाल जातो, त्याच्याच हाती निकालाची किंमत ठरवण्याचे काम दिले तर नागरिकाच्या बाजूने लागलेला प्रत्येक निकाल महाग ठरेल. म्हणून पाहणी न्यायालयाने स्वतः करावी, ती उघड असावी, आणि तिच्यात बोलण्याचा पहिला हक्क ज्यांचा वकीलपत्राशी कधी संबंध आला नाही अशा बाधितांचा असावा.

याची सुरुवात करायला पुण्यातच एक प्रकरण हाताशी आहे. कोंढवा बुद्रुक येथील ११.८९ हेक्टर वनजमीन १९९८ मध्ये शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला दिली गेली आणि तिथून ती गृहनिर्माण संस्थेकडे गेली. हा सगळा व्यवहार सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२५ रोजी बेकायदा ठरवला आणि तीन महिन्यांत जमीन वनविभागाकडे सोपवायला सांगितले. तो आदेश कोंढव्यापुरता थांबला नाही. महसूल विभागाच्या ताब्यातील अशा सर्व राखीव वनजमिनी खासगी हातांत गेल्या आहेत का, हे प्रत्येक राज्याने विशेष तपास पथके नेमून शोधावे, जमिनी परत घ्याव्यात, आणि परत घेणे जनहिताचे नसेल तिथे किंमत वसूल करावी, असे त्यात सांगितले असून हस्तांतरणासाठी एक वर्षाची मुदत घातली आहे. हा निकाल मला योग्य वाटतो, आणि म्हणूनच त्याचा पाठपुरावा व्हायला हवा असे वाटते. पुणे जिल्ह्यात किती जमीन शोधली गेली, किती परत आली, कोणत्या बांधकामांची किंमत घेऊन सुटका झाली, आणि या शोधात कोण्या बड्या संस्थेऐवजी पिढ्यान्‌पिढ्या कसणारा धनगर किंवा कातकरी तर हटवला गेला नाही ना, हे गावनिहाय आणि मराठीत जाहीर व्हावे. न्यायालयाने मुदत संपताच हे प्रकरण पुन्हा सुनावणीला घ्यावे, जिल्हाधिकारी आणि वनविभागाकडून शपथपत्रावर उत्तर मागवावे, आणि ज्यांची जमीन गेली त्यांना पुणे, भोर, मुळशीहून दिल्लीला न जाता दूरदृश्य प्रणालीवरून बोलू द्यावे.